पेटीतली हवा आणि भातखाचरांवरचा आरोप

१/२३
१९९० च्या सुमारास जगाच्या हिशेबवहीत भारतीय भातशेतीच्या नावावर एक मोठा आकडा मांडला गेला होता : वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन. पुढे भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः खाचरांत उतरून मोजमाप केले, तेव्हा तोच आकडा सुमारे ४० लाख टनांवर आला. नऊपटींहून अधिक तफावत! ती कशी पडली? जमिनीतून हवेत जाणारा वायू मोजताना माणूस कुठे कुठे चुकत आला, त्याचा हा इतिहास. #धागा

२/२३
आधी थोडी पार्श्वभूमी. भातखाचरात पाणी साचून राहिले की चिखलातला प्राणवायू लवकर संपतो. मग प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर पोसतात आणि मिथेन तयार करतात. हा वायू उष्णता अडवतो. म्हणून हवामानाच्या हिशेबात त्याला कार्बन डायऑक्साइडच्या खालोखाल स्थान आहे. लावणीच्या वेळी चिखलात पाय रोवला की वर येणारे बुडबुडे कोकणातल्या कोणाही शेतकऱ्याच्या परिचयाचे असतात. त्यांत मिथेनचा अंश असतो. प्रश्न एवढाच, की तो किती?

३/२३
या वायूची शास्त्राला ओळख झाली ती इटलीत. नोव्हेंबर १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा माज्जोरे सरोवराच्या काठी, अँजेरा गावाजवळच्या दलदलीत गेला. काठीने चिखल ढवळून त्याने वर येणारे बुडबुडे पाण्याने भरलेल्या, उपड्या बाटलीत धरले. तो वायू ज्योत लावताच जळाला. पुढे विजेच्या घटामुळे जगप्रसिद्ध झालेल्या या शास्त्रज्ञाच्या खात्यावर मिथेनचा शोधही जमा आहे.

४/२३
व्होल्टाला वायू ओळखायचा होता, मोजायचा नव्हता. म्हणून चिखल ढवळणे त्याच्या सोयीचे होते. परंतु ज्याला मोजायचे आहे त्याच्यासाठी तीच काठी शत्रू ठरते. चिखलात अडकून राहिलेले बुडबुडे नुसत्या पावलाच्या दाबानेही सुटतात आणि मोजणाऱ्याच्या हाती भलताच मोठा आकडा येतो. म्हणूनच पुढच्या काळातील संशोधकांनी खाचरांत लाकडी फळ्यांचे पूल बांधले आणि त्यांवर उभे राहूनच नमुने घेतले. मोजणाऱ्याचे पाऊल हेच चुकीचे पहिले कारण.

५/२३
दुसरा प्रश्न : जमिनीतली हवा बाहेर पडते कशी? हवेचा दाब चढतो-उतरतो, तशी जमीन लोहाराच्या भात्यासारखी श्वास घेते, असे एक मत होते. अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या एडगर बकिंगहॅम यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले, की भात्याचा वाटा किरकोळ आहे. मुख्य काम विसरणाचे. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो, तसा वायू दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप सरकत राहतो. मातीत मोकळी छिद्रे जितकी अधिक, तितकी ही वाट सुकर.

६/२३
बकिंगहॅम यांच्या निष्कर्षातच पुढच्या साऱ्या चुकांचे बीज दडलेले आहे. वायू दाट-विरळ फरकामुळेच वाहतो, असे एकदा मान्य केले, की तो फरक बदलणारी प्रत्येक गोष्ट वाहण्याचा वेगही बदलणार, हे ओघाने आलेच. आणि मोजमापासाठी जमिनीवर ठेवलेले भांडे नेमके हेच करते. याचा अनुभव यायला मात्र आणखी काही दशके जावी लागली.

७/२३
आता भारतात येऊ. मद्रास इलाख्याच्या शेतकी खात्यातील रसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. हॅरिसन आणि त्यांचे सहकारी पी. ए. सुब्रमण्य अय्यर यांनी १९१३ मध्ये भातखाचरांतील वायूंवर एक सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. चिखलात मिथेन, नायट्रोजन, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड आढळतात, हे त्यांनी मोजून दाखवले. पिकाच्या मुळांना त्रास कशाचा होतो, हा त्यांचा प्रश्न होता. हवामानबदल तेव्हा कोणाच्या गावीही नव्हता.

८/२३
पुढच्याच वर्षीच्या कामात त्यांच्या लक्षात आले, की मातीच्या पृष्ठभागावर जिवाणू-शैवालांचा एक पातळ थर असतो आणि खालून येणाऱ्या मिथेनचा काही भाग तो थर वाटेतच संपवतो. म्हणजे चिखलात तयार होणारा वायू आणि हवेत पोहोचणारा वायू या दोन वेगळ्या राशी आहेत. मधे जकातनाका आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे महत्त्व कळेल.

९/२३
१९२० च्या दशकात स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्रिक लुंडेगॉर्ड यांनी जमिनीवर घंटेच्या आकाराचे भांडे उपडे ठेवून मातीचा ‘श्वास’, म्हणजे तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, मोजला. त्या पिढीतली दुसरी लोकप्रिय पद्धत अल्कलीची : झाकलेल्या भांड्यात अल्कलीचे द्रावण ठेवायचे, ते वायू शोषून घेते आणि नंतर रासायनिक चाचणीने हिशेब करायचा. स्वस्त आणि सोपी असल्याने ही पद्धत दीर्घकाळ टिकली.

१०/२३
पण अल्कली आपल्या गतीने वायू ओढते, जमिनीच्या गतीने नव्हे. कमी वायू सोडणाऱ्या जमिनीतून ती जास्तीचा वायू खेचून घेई. भरपूर सोडणाऱ्या जमिनीपुढे ती अपुरी पडे. परिणाम असा, की गरीब जमीन होती त्याहून श्रीमंत दिसे आणि श्रीमंत जमीन गरीब. सर्व आकडे मधल्या पातळीकडे सरकत. मापनपद्धतीच जमिनीजमिनींतला खरा भेद पुसून टाकत होती.

११/२३
पुढे वायू थेट मोजणारी यंत्रे आली, तरी पेटीचा मूळ पेच सुटला नाही. पेटी ठेवली की आत वायू साचतो. तो साचला की दाट-विरळ फरक घटतो. फरक घटला की जमिनीतून येणारा वायूही मंदावतो. शिवाय उन्हात पेटी तापते आणि आतला वारा थांबतो. आपण मोजायला जातो उघडी जमीन आणि मोजतो झाकलेली जमीन.

१२/२३
दाबाची चूक तर याहून बेमालूम. १९७४ मध्ये ई. टी. कानेमासू आणि सहकाऱ्यांनी दोन पेट्यांची तुलना केली. एकीत हवा ढकलली जात होती, तर दुसरीतून ओढली जात होती. ओढणाऱ्या पेटीने दिलेला आकडा सुमारे दहापट निघाला! आणि दाबातला फरक किती? अवघे काही पास्कल. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही चूक डोळ्यांना दिसणे किती अशक्य होते, ते कळते. पेटी वायू मोजत नव्हती, मातीतून उपसून काढत होती.

१३/२३
१९८१ मध्ये हचिन्सन आणि मोझिअर या अमेरिकन संशोधकांनी दोन उपाय सुचवले. पहिला, पेटीला एक बारीक नळी ठेवावी, म्हणजे आतला व बाहेरचा दाब सारखा राहील. दुसरा गणिती : साचणाऱ्या वायूचा आलेख सरळ रेषा न मानता वाकणारी रेषा मानावा आणि पेटी ठेवली त्या पहिल्या क्षणीचा वेग काढावा. सरळ रेषा ओढणाऱ्याच्या पदरी नेहमी कमी आकडा पडत असे.

१४/२३
पण उपायालाही उपद्रव असतोच. १९९८ मध्ये कोनेन आणि स्मिथ यांनी दाखवले, की वारा सुटला असता हीच नळी पेटीतली हवा ओढू लागते आणि कधीकधी नळी नसलेल्या पेटीपेक्षाही मोठी चूक होते. २००४ मध्ये फिनलंडमधील एका तुलनेत २० पेट्या ज्ञात प्रमाणात वायू सोडणाऱ्या यंत्रावर तपासल्या गेल्या. काहींनी सुमारे एक-तृतीयांश कमी आकडा दिला, तर काहींनी जवळजवळ तितकाच जास्त.

१५/२३
येथवर पेटीच्या आतल्या चुका झाल्या. त्या गंभीर आहेत. पण काळजी घेतली तर त्या अशा एक-तृतीयांशाच्या मर्यादेत आणता येतात. मग भारतीय भातशेतीच्या आकड्यात नऊपटींचा फरक आला कुठून? त्याचे उत्तर पेटीबाहेर आहे. पेटी झाकते जेमतेम एका चौरस मीटरची जागा, तीही काही मिनिटे. भारतात त्या काळी भाताखाली होते सुमारे ४.२ कोटी हेक्टर, म्हणजे ४२ हजार कोटी चौरस मीटर! या दोहोंमधला पूल गुणाकाराचा असतो.

१६/२३
या गुणाकाराचा आरंभ जपानमध्ये झाला. १९६३ मध्ये कोयामा यांनी भातखाचरांची माती प्रयोगशाळेत बाटल्यांत ठेवून मिथेन मोजला आणि जगाच्या भातशेतीचा अंदाज काढला : वर्षाला सुमारे १९ कोटी टन. आता हॅरिसन आणि अय्यर यांचा जकातनाका आठवा. बाटलीत चिखल होता. शेत नव्हते, पीक नव्हते. चिखलात जे तयार होते ते सगळे हवेत जाते असे धरले, की आकडा फुगणारच.

१७/२३
प्रत्यक्ष शेतातली मोजमापे १९८१ मध्ये पुढे आली. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे सिसेरोन आणि शेटर यांना आढळले, की बहुतांश मिथेन पाण्यातून नव्हे, तर भाताच्या रोपातून बाहेर पडतो. मुळांना हवा मिळावी म्हणून रोपात पोकळ वाटा असतात. त्यांतूनच वायू धुराड्यासारखा वर येतो. म्हणजे रोपे वगळून नुसत्या पाण्यावर पेटी ठेवणाराही चुकणार. त्यांचा जागतिक अंदाज होता सुमारे ५.९ कोटी टन.

१८/२३
त्यानंतर जर्मन संशोधकांनी स्पेनमधील आंदालुसिया (१९८४) आणि इटलीतील व्हेर्चेल्ली (१९८६ व १९८९) येथे मोजमापे केली. व्हेर्चेल्ली व्होल्टाच्या सरोवरापासून फार दूर नाही. स्पेनवरून जगाचा अंदाज निघाला ३.५ ते ५.९ कोटी टन. १९८६ च्या इटलीतील कामावरून ७ ते १७ कोटी टन. काम काटेकोर होते. पण जगातला सुमारे ९० टक्के भात आशियात पिकतो आणि आकडे येत होते युरोप-अमेरिकेच्या सतत पाणी भरलेल्या शेतांतून. पेटी बरोबर होती. गाव चुकले होते.

१९/२३
याच पाश्चात्त्य मोजमापांवरून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबात भारताच्या वाट्याला ३ कोटी ७८ लाख टन आले. भागाकार करून पाहा : हेक्टरी सुमारे ९०० किलो. १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने मोठ्या प्रदूषक देशांच्या यादीत भारताला पाचवे स्थान दिले. त्याला १९९१ मध्ये दिल्लीतून अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी उत्तर दिले. पोटासाठी पिकवलेल्या भाताचा वायू आणि चैनीच्या मोटारींचा धूर एका तराजूत तोलता येत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

२०/२३
हे उत्तर न्यायाचे होते. पण आकडा खोडायला आकडाच लागतो. ते काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने, म्हणजे देशाचा मीटर आणि किलोग्रॅम सांभाळणाऱ्या संस्थेने, हाती घेतले. धुरा होती आशेष प्रसाद मित्र यांच्याकडे. आयुष्यभर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या अतिउंच थरांचा, अभ्यास केलेला हा शास्त्रज्ञ आता चिखलाकडे वळला. १९९१ च्या हंगामात अनेक संस्थांनी मिळून देशाच्या प्रमुख भातपट्ट्यांत बंद पेट्यांनी मोजमापे केली. निष्कर्ष : वर्षाला सुमारे ४० लाख टन. हेक्टरी साधारण ९५ किलो.

२१/२३
इतका फरक का? भारतातला बराचसा भात पावसाच्या भरवशावर पिकतो. पावसाने ओढ दिली की खाचर सुकते, मातीत प्राणवायू शिरतो आणि मिथेन करणारे सूक्ष्मजीव मंदावतात. उताराच्या जमिनीत पाणी टिकतच नाही. पुष्कळ जमिनींत सेंद्रिय द्रव्यही कमी. मात्र हा ‘आशियाचा’ सरसकट गुण नव्हे. चीनच्या सिचुआन प्रांतात त्याच सुमारास झालेल्या मोजमापांत फार मोठे आकडे आले. एका जागेचे माप दुसरीला लावू नये, हा नियम भारताच्या सोयीच्या आकड्यालाही लागू होतो.

२२/२३
जागतिक हिशेबही बदलत गेला. हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीने, म्हणजे आयपीसीसीने, १९९० मध्ये साऱ्या जगाच्या भातशेतीसाठी ११ कोटी टन मिथेन धरला होता. १९९२ मध्ये तो ६ कोटी झाला. २०१३ च्या अहवालात आकडा आहे ३.३ ते ४ कोटी टन. म्हणजे एकेकाळी एकट्या भारताच्या माथी मारलेला आकडा आज साऱ्या जगाच्या भातशेतीचा मानला जातो! भारताने संयुक्त राष्ट्रांना २००४ मध्ये दिलेल्या पहिल्या अहवालात १९९४ या वर्षासाठी भातशेतीच्या नावे सुमारे ४१ लाख टन नोंदले आहेत.

२३/२३
गोष्ट इथे संपत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील एका अभ्यासाने दाखवले, की पाणी आलटूनपालटून देणाऱ्या काही खाचरांतून नायट्रस ऑक्साइड हा दुसरा प्रखर वायू अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक निघतो. तो थोड्याच दिवसांत उसळतो. ते दिवस चुकले की नोंदीतून निसटतो. म्हणजे कमी मिथेनवर समाधान मानणेही घाईचे ठरेल. मित्र आणि सहकाऱ्यांनी आरोपाला उत्तर दिले ते खाचरात पेटी ठेवून. नवा प्रश्नही तसाच सुटेल. पुढच्या वेळी एखाद्या देशाच्या, पिकाच्या वा समाजाच्या नावावर असा आकडा वाचाल तेव्हा तीन गोष्टी जरूर विचारा : पेटी कुठे ठेवली होती, किती वेळ ठेवली होती आणि गुणाकार कोणी केला? #इतिहास #मराठी